कोल्ड कॉफीतलं अर्धं जायफळ

माझ्या हातून मोडलेल्या वस्तूंची यादी करायला बसलो तर एक वही पुरायची नाही. त्यातली मिक्सरची दोन भांडी आणि बाबांचं एक राहून गेलेलं बोलणं, हे सगळं लागोपाठच्या दोन उन्हाळ्यांतलं. मिक्सरचं आधी सांगतो, कारण ते सांगायला सोपं आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही सक्करदऱ्याला राहत होतो. आई, बाबा आणि मी, एवढेच. मी एका कचेरीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं आणि ते लवकर होईल असं माझ्याकडे पाहून कोणाला वाटत नव्हतं. एकदा कचेरीतल्या एका वरिष्ठाने बढतीच्या आनंदात आम्हा चौघांना धरमपेठेत नेऊन कोल्ड कॉफी पाजली. उंच काचेचा ग्लास, वर चार बोटं फेस, त्यात उभी कागदी नळी. मी नळी काढून बाजूला ठेवली आणि मठ्ठा प्यावा तशी तीन घोटांत कॉफी संपवली. मग अर्धा तास रिकाम्या ग्लासाकडे पाहत बसलो, कारण बाकीचे तिघं नळीने एकेक थेंब ओढत होते. बिल पाहिलं तेव्हा कळलं की ते तसे का पीत होते.

घरी येताना सायकलवर माझं ठरलं. कॉफी आहे, दूध आहे, साखर आहे, बरफ नाक्यावर मिळतो. मग हे घरी काहून होऊ नये?

पहिला प्रयोग ताकाच्या गडव्यात, रवीने. अर्धा तास घुसळलं. फेस आला नाही, फक्त कॉफीला ताकाचा वास आला. त्या वर्षीचा बोनस मिळाला तसा मी मिक्सर घेऊन आलो. आईने खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाट्याले काय झालं होतं?"

बरफवाल्याकडून भुशात पुरलेला बरफाचा तुकडा घ्यायचा, पंच्यात गुंडाळायचा आणि घरापर्यंत धावत सुटायचं. मे महिन्यातल्या दुपारी नाक्यापासून घरापर्यंत निम्मा तुकडा रस्त्यालाच जायचा. उरलेला मी अख्खाच मिक्सरमध्ये टाकला. आतून गिरणीत दगड पडावा तसा आवाज आला आणि पहिलं भांडं तळापासून तडकलं. दुसऱ्या खेपेला बरफ फोडून घेतला, पण झाकण दाबून धरायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. कॉफी छताला लागली, वाळत घातलेल्या आईच्या लुगड्याला लागली, आणि उरलेली माझ्या कपाळावरून ओघळली. घाबरून मी भांडं उचललं ते हातातून सुटलं. ते दुसरं भांडं.

बाबा बाजेवर पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं.

"छताले पाजली का?" म्हणाले. "बरं केलं. त्यालेही गरमी होऊन राहिली असंल."

असे होते बाबा. ओरडायचे नाहीत, पण असं काही बोलायचे की ओरडलेलं परवडलं असतं.

नवं भांडं आणलं आणि पुढे मला जमायला लागलं. महागड्या डब्याची गरज नव्हती. चिकोरी घातलेली साधी कॉफीची पूड घ्यायची, कडक उकळायची, साखर गरम असतानाच विरघळवायची. लोटा पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकायचं. दूध आटवून, सायीसकट गार करायचं. बरफ पंच्यात बांधून बत्त्याने कुटायचा, मुरमाएवढा. आधी नुसती कॉफी-दूध फिरवून फेस आणायचा, मग बरफ. धरमपेठेतल्या एका ग्लासाच्या पैशात घरी आम्हा तिघांचं भागायचं.

आणि जायफळ. आमच्या घरात कॉफी म्हणजे उपासाला किंवा दुखण्यात प्यायची वस्तू, आणि जायफळाशिवायची कॉफी आईच्या लेखी कॉफीच नव्हे. ती सहाणेवर जायफळाचे मोजून तीन वळसे द्यायची. चौथा नाही. "जास्त झालं का माणूस गुंगते," असं तिचं म्हणणं. मला तो सहाणेचा कुटाणा नको वाटायचा. मिक्सर आहे, तर त्यातच कोपरा तोडून टाकायचा. तसं करू नकोस म्हणून आई दरवेळी सांगायची, आणि मी दरवेळी "हाव" म्हणायचो.

हे सगळं एरवी गमतीतच राहिलं असतं.

पुढच्या दिवाळीपासून बाबांचा आवाज बसला. सर्दी म्हणाले. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांचा जन्माचा सोबती, तो काही सुटला नाही. होळीपर्यंत पोळीचा घास उतरेना. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि मग आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव कोणी घेतलं नाही. गाठ आहे, एवढंच आम्ही सगळ्यांना सांगायचो. गाठ आहे, काढून टाकतात.

गरम काही चालेना. भात चालेना, कढी आग करायची. एक दिवस त्यांनी माझ्या ग्लासातली कोल्ड कॉफी मागितली, घोट घेतला, डोळे मिटले, आणि तो खाली उतरला. मग दुसरा. त्या दिवसापासून माझा खेळ त्यांचं जेवण झाला. सकाळी एक ग्लास, दुपारी एक, संध्याकाळी एक. अंगात ताकद राहावी म्हणून मी त्यात केळं फिरवायचो. लाइट गेली की बत्ता आणि रवी घेऊन बसायचो. खोटं कशाला सांगू, मला आतून बरं वाटत होतं. आजवर घरात मी काही आणलं तर आई आधी पाट्याची बाजू घ्यायची. आता ती मिक्सर फडक्याने पुसून ठेवायची.

मे लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस वाचेल कदाचित, पण बोलणार नाही. बाबांसमोरच सांगितलं. बाबांनी फक्त विचारलं, "किती दिवस आहेत?"

"नऊ दिवसांनी भरती व्हा. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन."

घरी आल्यावर बाबा मला म्हणाले, "कागद घे. दादाले पत्र लिव्हायचं आहे."

दादा म्हणजे माझे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ, पारशिवनीजवळच्या गावात शेती करणारे. दोघं भाऊ नऊ वर्षं बोलले नव्हते. आजी गेली तेव्हा असाच मे महिना होता. तार मिळून बाबा गावी पोचेपर्यंत मोठेबाबांनी अग्नी देऊन टाकला होता. त्या उन्हात दुसरं काही करता येत नव्हतं, हे सगळं गाव जाणत होतं. पण बाबा घाटावर, गावासमोर त्यांना म्हणाले, "आई जड झाली होती तुले. म्हणून घाई झाली पेटवायची." मोठेबाबा नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी तिथेच होतो. नऊ वर्षं ते दोघंही तसेच उभे होते म्हणा.

बाबांनी सांगितलं ते एवढंच: दादा, तब्येत बरी नाही. एकदा येऊन जा.

"आवाजाचं लिहू का?" मी विचारलं.

"नाही." पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज झाला होता त्यांचा. "कीव करून आला तं काय आला. त्याचा तो येऊ दे. ज्या तोंडानं बोललो ना गा, त्याच तोंडानं वापस घ्यायचं आहे मले."

पत्र टाकलं. तिसऱ्या दिवसापासून बाबा दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. आडवे व्हायचे नाहीत. रस्त्यावर एखादा म्हातारा धोतरात दिसला की मान वर व्हायची. बोलणं त्यांनी अगदी कमी केलं होतं. आईशी खुणेने, माझ्याशी खुणेने. जपून ठेवत होते. रात्री पडले तरी झोप नाही, घशातल्या दुखण्यानेही आणि त्या वाट पाहण्यानेही. सहा दिवस गेले, सात गेले. शेवटच्या तीन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आठव्या दिवशी सकाळी चेहरा पाहिला तर पिवळा पडला होता. उद्या भरती. परवा टेबलावर घेतील तेव्हा अंगात काय उरेल, असं मला वाटलं.

आणि मी शहाणपणा केला. सकाळच्या कॉफीत अर्धं जायफळ टाकलं. कोपरा नाही, अर्धं. मिक्सर फिरवला, गाळून घेतलं, बरफ जास्त टाकला म्हणजे चव कळू नये. मनात म्हटलं, दोन तास डोळा लागेल, बरं वाटेल. एवढ्या दिवसांत आले नाहीत ते मोठेबाबा आज कशाला येतात.

बाबांनी सगळा ग्लास घेतला. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, जायफळ जुनं असेल. मग बाराच्या सुमाराला खुर्चीतच त्यांची मान कलली. मी आणि आईने धरून बाजेवर निजवलं. आई म्हणाली, "देवच पावला. लागला एकदाचा डोळा." मी ग्लास उचलून धुवायला नेला.

एक वाजता मोठेबाबा आले.

उन्हातून चालत आलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातात कैऱ्यांची पिशवी. दारात उभं राहून म्हणाले, "पत्र कालच भेटलं. कुठं आहे लहान्या?"

आई पदर डोक्यावर घेऊन आत गेली. मोठेबाबा तिचे भासरे. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बाई सरळ बोलत नसे. लग्न झाल्यापासून आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर दाराआडून, कोणाच्या तरी तोंडून. घरात कोणी तरी म्हणजे मी.

मी बाबांना हलवलं. "बाबा, मोठेबाबा आले." काही नाही. जोरात हलवलं. डोळे अर्धे उघडले, लाल झाले होते, "हं" म्हणाले आणि पुन्हा मिटले. तोंडावर पाणी मारायला मी तांब्या आणला, तर मोठेबाबांनी माझा हात धरला.

"काहून त्रास देतं गा त्याले? किती दिवसांनी झोपला?"

"तीन रात्री झाल्या."

"मंग झोपू दे ना बाप्पा. मी काय पळून चाललो?"

त्यांनी खुर्ची ओढली, बाबांचीच, आणि बाजेला लागून बसले. दुपट्ट्याने बाबांना वारा घालायला लागले. पंखा होता, तरी. आईने आतून, वर बरफ टाकून, माझ्या हाती ग्लास दिला. सकाळची कॉफी गडव्यात उरलेली होती ती. मी ती गडव्यातच का ठेवली होती, विचारू नका. मोठेबाबांनी घोट घेतला आणि दचकले.

"आग लागो, दात ठणकले. चहा नाही होत का तुमच्या घरी?"

पण संपवली. गाठ आहे, परवा ऑपरेशन, एवढंच मी त्यांना सांगितलं. दोन वाजले, तीन वाजले. मी मधूनमधून उठून बाबांच्या पायाला हात लावायचो. मोठेबाबा डोळ्यांनीच मला बस म्हणायचे. एकदाच, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माय बी अशीच झोपे. एका कुशीवर."

पाच वाजता त्यांनी दुपट्टा झटकला. "निघतो गा. साडेसहाची मुक्कामी बस गेली तं उद्याच आहे. गाय आजउद्या व्याची आहे अन् घरी कोनी नाही."

आईने आतून मला बोलावलं. माझं मनगट धरलं आणि कुजबुजली, "सांग त्याईले. आज नाही बोलले तं कधीच नाही. आवाजच काढून टाकून राहिले म्हना. रात्रभर थांबा म्हना."

मी बाहेर आलो. मोठेबाबा चपला घालत होते.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

सांगायला हवं होतं. एवढं एक वाक्य. पण ते सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग आजच एवढा कसा झोपला? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. शिवाय बाबांनीच सांगू नको म्हटलंय, असंही मी मनाशी घाईघाईने म्हणून घेतलं. भित्र्याला कारणं पटकन सापडतात, मला तर रांगेत उभी सापडली.

"आई म्हणते, जेवून जा."

"घरूनच जेवून निघालो होतो म्हना. ऑपरेशन झालं का येतो मी. मंग बोलतो त्याच्याशी निवांत."

दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. ती उंबऱ्यापर्यंत आली, तिचा पदर मला दिसला. तिथे थांबली. मोठेबाबा पायऱ्या उतरून गेले.

बाबा जागे झाले तेव्हा दिवेलागण होत होती. उठून बसले, खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची बाजेला लागून होती. मग कैऱ्यांची पिशवी पाहिली.

"दादा आला होता?"

मी सांगितलं. ते उठले, सदरा उलटा घातला, चपला न घालताच बाहेर निघाले. मी रिक्षा केली. स्टँडवर साडेसहाच्या बसची जागा रिकामी होती. एक माणूस तिथे कुरमुरे विकत होता. बाबा बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मले काहून नाही उठवलं गा?"

त्यांच्या आवाजात मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. आवाज अजून होता, पूर्ण एक दिवस होता. पण त्यांनी तो वापरला नाही. दुसऱ्या दिवशी भरती करताना आई म्हणाली, काहीतरी बोला, माझ्याशी बोला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी नाव विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवलं. टेबलावर गेले ते तसेच.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी मोठेबाबा दवाखान्यात आले. बाबांच्या गळ्याला भोक, नाकातून नळी, हातात पाटी. आई स्टुलावरून उठली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलली. "बसा," म्हणाली. बस्स, एवढंच.

मोठेबाबा बसले. "कसं आहे लहान्या?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. आवाजाची पेटी काढली हे सांगताना माझा आवाज अगदी साफ होता, याची मला लाज वाटली.

बाबांनी पाटीवर बराच वेळ लिहिलं. मोठेबाबांना मोठी अक्षरं लावता यायची, ही लहान होती. पाटी माझ्याकडे आली. मी वाचलं: "घाटावर मी बोललो ते खोटं होतं. तू बरोबर केलं. मी चुकलो."

मोठेबाबांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "हे तू बोलून राहिला." पाटी माझ्या हातातून घेऊन उलटी ठेवली. "राहू दे. त्या दिवशी मी याच्या बाजूले चार तास बसलो. तीन रात्री झोपला नव्हता, मी येऊन राहिलो म्हटल्यावर लेकरासारखा झोपला. मले तेच पुरलं. गावात सगळ्याईले सांगतलं मी."

वातावरण हलकं करायला ते हसले. "अन् तुमची ती थंडी कॉफी! बसमधी असा झोपलो का पारशिवनी कवा गेलं पत्ताच नाही. सकायी मुक्कामाच्या गावी कंडक्टरनं उठवलं. चार कोस वापस चाललो. घरी येतो तं गाय व्यायलेली."

सगळे हसले. आईसुद्धा. बाबा हसले नाहीत. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. मी नळीतल्या दुधाकडे पाहत होतो.

नळी निघाल्यावर मी पुन्हा कॉफी करू लागलो. जायफळ बंद केलं. आईने एकदा विचारलं, काहून घालत नाही? मी म्हटलं, संपलं. तिने डब्यातून काढून उरलेलं अर्धं माझ्यासमोर ठेवलं आणि निघून गेली. मोठेबाबा महिन्या दोन महिन्यांनी यायचे, बाबांच्या बाजूला बसायचे आणि येईल त्याला ती झोपेची गोष्ट सांगायचे. दर वेळी बाबा ती शेवटपर्यंत ऐकायचे.

पुढचा उन्हाळा बाबांचा शेवटचा. एका दुपारी मी ग्लास दिला. त्यांनी घोट घेतला, पाटी ओढली आणि लिहिलं: "जायफळ किती होतं?"

कोणतं, कधीचं, हे विचारायचं नाटक मी करणार होतो. जमलं नाही. मी म्हणालो, "अर्धं."

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. अंगठा ओला करून पाटी पुसली, सावकाश, कोपरेसुद्धा. मग पुन्हा लिहिलं आणि पाटी माझ्याकडे फिरवली.

"दादाले सांगू नको."

नाही सांगितलं. मोठेबाबा बाबांच्या मागे अकरा वर्षं जगले.